इमारतीच्या म्हातारपणाची तरतूद

‘घर पाहावे बांधून’ असे आपले वाडवडील सांगून गेले. बांधलेले घर पुढे पन्नास वर्षे सांभाळायचे कोणी आणि कशाच्या बळावर, याविषयी मात्र ती म्हण काही बोलत नाही. त्या काळी तशी गरजही नसावी. पावसाळ्याआधी घरधनी कौले चाळून घेई, भिंत खचली तर स्वतः लिंपून घेई. आज वसई-विरारमध्ये आपण तीन-चार मजली इमारतींत राहतो. येथे खोली माझी, पण खांब सर्वांचा. आणि जे सर्वांचे, ते कोणाचेच नाही, हा आपला नेहमीचा अनुभव!

१९९० साली या भागाचे नियोजन सिडकोकडे सोपवण्यात आले. त्या काळात वसई रोड, नालासोपारा, विरार येथे भराभर इमारती उठल्या. त्यांतल्या कित्येकांनी आता तिशी गाठली आहे. जवळ समुद्र, जवळ मिठागरे आणि चार महिने धो धो पाऊस. खारी हवा काँक्रीटमधील लोखंडापर्यंत पोचते; लोखंड गंजते, गंजले की फुगते आणि काँक्रीट फोडून बाहेर डोकावते. गच्चीवर पत्रे घातले की गळती थांबते, पण आत धरलेला गंज थांबत नाही.

याची तरतूद सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत आहे. प्रत्येक सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या दरसाल पाव टक्का सिंकिंग फंडासाठी आणि किमान पाऊण टक्का दुरुस्ती निधीसाठी घ्यावा, असे ते सांगतात. इमारत १५ वर्षांची झाली की दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांनंतर दर तीन वर्षांनी तिची संरचनात्मक तपासणी व्हावी, असेही त्यांत आहे.

आता हिशेब करू. बांधकाम खर्च दोन लाख धरला, तर दोन्ही निधी मिळून वर्षाला दोन हजार, म्हणजे महिन्याला सुमारे १६७ रुपये होतात. २० बिऱ्हाडांचे वर्षाला ४० हजार. निम्मे डागडुजीत गेले असे धरले, तरी पंचवीस वर्षांत पाच लाख उरतात, वर व्याज. हीसुद्धा किमान पायरी झाली. कारण ही टक्केवारी जुन्या बांधकाम खर्चावर असते आणि दुरुस्ती नव्या भावाने करावी लागते. भाव वर्षाला सहा टक्क्यांनी वाढले, तर बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो.

मग हे पैसे जमत का नाहीत? ‘मेंटेनन्स वाढवू नका, गरीब माणसे आहेत,’ असे सभेत कोणी म्हटले की टाळ्या पडतात. माझा मुख्य आक्षेप या वाक्याला आहे. पगारदार कसाबसा लाख रुपये एकदम उभे करील. हातावर पोट असलेल्याला ते कर्ज काढून किंवा दागिने मोडूनच द्यावे लागतात. महिन्याचे १६७ रुपये त्याला जड जातात हे खरे, पण एका दिवशी आलेला लाखाचा आकडा त्याला घराबाहेर काढतो. शिवाय वीस वर्षे राहून जो घर विकून गेला, त्याने केलेली झीज नव्या बिऱ्हाडाने भरून द्यायची, हा कुठला न्याय?

२६ ऑगस्ट २०२५ च्या मध्यरात्री विरार पूर्वेला रमाबाई अपार्टमेंट कोसळून १७ जणांचे प्राण गेले. ती इमारत बेकायदा होती. केवळ निधी असता तर ती वाचली असती, असे मी म्हणणार नाही. पण रीतसर परवानगीची, सुखवस्तू लोकांची इमारतही पडते. अमेरिकेत फ्लोरिडातील सर्फसाइड येथे १९८१ साली पूर्ण झालेली बारा मजली इमारत २४ जून २०२१ रोजी कोसळली आणि ९८ माणसे मृत्यू पावली. अभियंत्याने २०१८ मध्येच धोका कळवला होता. गंगाजळी अपुरी होती आणि खर्चावरून रहिवाशांत वाद चालू राहिले. पुढच्याच वर्षी तेथे कायदा झाला: तीन किंवा अधिक मजल्यांच्या अशा इमारतींनी कोणता भाग किती वर्षे टिकेल आणि बदलायला किती लागेल याचा अभ्यास करून निधी साठवलाच पाहिजे. बहुमताने तो टाळण्याची मुभा काढून घेण्यात आली.

निधीलाही धोका असतो, हे मान्य केले पाहिजे. २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा अनेक गृहनिर्माण संस्थांच्या ठेवी अडकल्या. परंतु म्हणून साठवूच नये काय? चोरी होते म्हणून कोणी धान्य भरायचे थांबत नाही, कणगीला झाकण लावते. ठेवी एकाच बँकेत ठेवू नयेत आणि शिल्लक दर वर्षी जिन्याजवळच्या फळ्यावर, मराठीत लिहावी.

मराठीत, हे मी मुद्दाम म्हणते. आमच्या घरी संस्थेचा इंग्रजी ताळेबंद आला की तो वाचून सांगण्याचे काम माझ्याकडे असते, कारण कॉलेजात गेलेली मीच पहिली. अशी घरे पुष्कळ आहेत. ज्याला आकडा वाचता येत नाही, तो सभेत हात तरी कशाच्या आधारावर वर करणार? याच इमारतींतल्या बायका वर्षानुवर्षे भिशी चालवतात आणि एकही हप्ता चुकू देत नाहीत. १९१८ साली स्थापन झालेली बॅसीन कॅथलिक बँकही याच वसईच्या मातीत सहकारातून वाढली. साठवण्याची अक्कल आपल्याला शिकवावी लागत नाही. ती इमारतीसाठी वापरायची आहे, एवढेच.

यासाठी एक साधा कागद पुरे. गच्ची, पाण्याची टाकी, पंप, नळ, बाहेरचा गिलावा, खांब: प्रत्येकाचे वय, उरलेली वर्षे आणि अंदाजे खर्च. वर्षे व खर्च अभियंत्याकडून लिहून घ्यावेत. बेरीज आपल्यापैकी कोणताही विद्यार्थी करू शकेल. यंदाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रत्येकाने आपल्या संस्थेकडे हा कागद मागावा. आईवडिलांनी आयुष्यभराची कमाई ज्या भिंतींत घातली, त्या भिंतींचे वय निदान आपल्याला ठाऊक असावे.