पट्टीवर नसलेला रकाना

परवा ओतूरला एका सत्काराच्या कार्यक्रमात पाहुण्यांनी दहावीच्या मुलांना ठणकावून सांगितलं, की कष्ट करणारा गरीब राहत नाही; गरिबी म्हणजे आळसाची पावती. जाता जाता हेही सुनावलं, की देशाचा कर बुडतो तो शेतकऱ्यांमुळे आणि बिल न देणाऱ्या टपरीवाल्यांमुळे. टाळ्या पडल्या. समोरच्या निम्म्या मुलांचे आईबाप त्या वेळी कांद्याच्या काटणीत वाकलेले होते.

पाहुण्यांचा पुरावा एकच. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोने आपल्या तालुक्यातल्या एका कुटुंबाला कोटीच्या वर पैसे दिले. खरं आहे. नारायणगावला वीस किलोचं कॅरेट तेव्हा दोन हजारांच्या पुढे गेलं होतं. पण त्याच वर्षीच्या मे महिन्यात तोडणी आणि गाडीभाडंही सुटेना, म्हणून लोकांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले होते. जमीन तीच, औषधं तीच, पहाटे उठून तोडायला जाणारी माणसंही तीच. मग मेमधला आळशी शेतकरी जुलैत एकाएकी कष्टाळू झाला का? आणि भाव इतका चढला तेव्हा तोडणाऱ्या बाईचा रोज त्या पटीत चढला का? घाम तिचाही गळतच होता.

कांद्याचं तर विचारूच नका. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसलं, डिसेंबरात निर्यात बंदच झाली, ती मे २०२४ पर्यंत. इकडच्या शेतकऱ्याने महिनोन्महिने राबून पिकवलेल्या मालाचा भाव दिल्लीतल्या एका आदेशाने पडला. त्याआधी फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांद्याचा सगळा खर्च वजा जाऊन बार्शीकडच्या एका शेतकऱ्याच्या हाती दोन रुपयांचा चेक पडला होता. तो माणूस आळशी होता, असं पाहुण्यांनी बार्शीला जाऊन सांगावं.

माझ्याकडे निर्यातबंदीच्या त्या डिसेंबरातली एक पट्टी, म्हणजे आडत्याने दिलेला कांदाविक्रीचा हिशेब आहे. कार्बनची निळी अक्षरं पुसट झाली आहेत, तरी वाचता येतात: वजन, भाव, हमाली, तोलाई, गाडीभाडं. हमालाची मजुरी आहे आणि ती असायलाच हवी. पण पिकवणाऱ्याच्या मजुरीला त्या कागदावर रकानाच नाही. उरलं तर त्याचं.

आपल्या तालुक्यातल्या कालव्याच्या पाण्याच्या वादातही आळसाचं हेच ऐकलं होतं: कालव्याखालचा कष्टाळू, डोंगरातला आळशी. तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातली ती डोंगरातली माणसं भाताची लावणी उरकून आमच्याच शेतांवर रोजाने येतात. तेव्हाही कुणी उत्तर दिलं नव्हतं.

आता कराचं. शेतीच्या उत्पन्नाला आयकर माफ आहे, हे खरं. पण रासायनिक कीटकनाशकावर १८ टक्के जीएसटी शेतकरी भरतो आणि तो त्याला परत मिळत नाही. त्याच्या माफीचा फायदा मात्र बांध न पाहिलेले लोक घेतात. काळा पैसा सातबाऱ्याच्या आडून शेतीचं उत्पन्न म्हणून दाखवून पांढरा करतात. टपरीवाल्याला हे जमत नाही. त्यासाठी हिशेब रचून देणारा सल्लागार लागतो, खोट्या पट्ट्या करून देणारा व्यापारी लागतो, डोळे मिटणारा अधिकारी लागतो. शिवाय सरकारने १९९७ मध्ये आणली तशी उत्पन्न जाहीर करण्याची योजना लागते, जिने वर्षानुवर्षं लपवलेलं वैयक्तिक उत्पन्न ३० टक्के कर भरून उजळ करून दिलं. वेळेवर कर भरणाऱ्याला त्यातून काय शिकवलं?

कच्ची पावती आपणही घेतो आणि ते चूकच आहे. पण दुकानातली कच्ची पावती आणि कर चुकवायला काढलेली परदेशातली कागदी कंपनी एकाच तराजूत घालता येत नाहीत.

मग मला काय हवंय? निर्यातीचे निर्णय हंगामाआधी जाहीर व्हावेत. मजुराचा रोज धरून आधारभाव ठरावा. करचोराबरोबर त्याला वाट दाखवणाऱ्यालाही शिक्षा व्हावी. कष्टाला मोल यायला एवढं तरी लागेल.

आणि त्या मुलांना एवढंच सांगायचंय: बाळांनो, कष्ट कराच, पण आज घरी गेल्यावर वडिलांकडून एक पट्टी मागून घ्या आणि आईच्या काटणीची मजुरी त्यात कुठे लिहिली आहे, ते शोधा.