उरलेला सुरुंग कोणी नष्ट करायचा?

गेल्या आठवड्यात विहिरीच्या कामावरचा एक तरुण दवाखान्यात आला. तक्रार एकच, कान वाजतो. खोदून विचारल्यावर कळले की मुकादमाच्या सांगण्यावरून त्याने ओले झालेले डिटोनेटर पालापाचोळ्यात घालून पेटवले होते. घरी आजीने कानात लसणाचे तेल सोडले. तपासले तर पडदा फाटलेला! बोटे शाबूत राहिली, हे त्याचे नशीब.

वाचकहो, फाटलेल्या कानात तेल, पाणी, औषधाचे थेंब काहीही घालू नये. छोटे भोक बहुधा कोरडे ठेवल्यास आपोआप भरते. पण मला काळजी वाटली ती त्याच्या छातीची. स्फोटाच्या हवेच्या दाबाचा मार जिथे हवा असते तिथे बसतो, म्हणजे कान, फुप्फुसे आणि आतडी. अंगावर ओरखडा नसलेला, चालत घरी गेलेला माणूस काही तासांनी धापा टाकू लागतो. म्हणून दम लागणे, छातीत दुखणे, थुंकीतून रक्त, पोटदुखी यांपैकी काहीही दिसले तर थेट मोठे रुग्णालय गाठावे. कान ठीक आहे म्हणून छातीही ठीक, असे समजू नये.

२० नोव्हेंबर २०१८ रोजी वर्धा जिल्ह्यात पुलगावजवळ, जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या जागी, पेट्या उतरवतानाच स्फोट झाला आणि सहा जण दगावले. त्यांत जवळच्या खेड्यांतले रोजंदारीचे मजूर होते. पेटी उतरवणे ही हमाली, असा हिशेब कोणीतरी केला असणार. जुना दारूगोळा मेलेला नसतो. उलट जितका जुना तितका बेभरवशाचा.

आमच्याकडेही तोच हिशेब चालतो. सुरुंग उडवणाऱ्याला परवाना लागतो, मात्र उरलेला माल जाळायला, पुरायला किंवा ओढ्यात फेकायला हाताशी असेल तो पोरगा चालतो. माझे स्पष्ट मत आहे की ज्याच्या नावाने माल आला, त्या परवानाधारकानेच तो स्वतः उभे राहून नष्ट करावा. ते जमत नसेल तर त्याचा परवाना रद्द व्हावा. खर्च वाढेल, ही ओरड मी ऐकली आहे. तुटलेल्या पंजाचा खर्च मात्र ती ओरड करणाऱ्यांपैकी कोणी दिलेला मी पाहिलेला नाही.

त्या तरुणाला तीन आठवड्यांनी परत बोलावले आहे. जाताना त्याने विचारले, "डॉक्टरसाहेब, मुकादमाला काय सांगू?" मी लेटरहेडवर लिहून दिले, "यास सुरुंगाचे कोणतेही काम देऊ नये."