दक्षता समितीची बैठक : चहापान की हिशेब?

अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंध कायदा १९८९ चा आणि त्याखालचे नियम १९९५ चे. नियम १७ नुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता व सनियंत्रण समिती असलीच पाहिजे आणि तिने तीन महिन्यांतून किमान एकदा बसलेच पाहिजे. राज्यपातळीवर खुद्द मुख्यमंत्र्यांनी जानेवारी आणि जुलैत, म्हणजे वर्षातून किमान दोनदा, बैठक घ्यावी, असे नियम १६ सांगतो. ही कुणाची मेहरबानी नव्हे, कायद्याने लादलेली जबाबदारी आहे. म्हणूनच बैठक होत नसेल तर आम्ही ओरड करतो आणि ती केलीच पाहिजे. पण बैठक झाली की प्रश्न सुटला काय?

आम्हाला दिसणारे चित्र वेगळे आहे. विषयपत्रिका ऐनवेळी हाती पडते. दाखल गुन्हे इतके, तपासावर इतके, न्यायप्रविष्ट इतके, असे आकडे वाचले जातात. आमचाच एखादा कार्यकर्ता पंधरा मिनिटे जळजळीत भाषण ठोकतो. साहेब 'बघून घेतो' म्हणतात. चहा येतो, बैठक संपते. भाषणाला टाळ्या मिळतात, पण पीडित कुटुंबाला काय मिळते?

कायद्याने मुदती बांधून दिल्या आहेत. तपास करून साठ दिवसांत आरोपपत्र गेले पाहिजे आणि उशीर झाल्यास कारण लेखी द्यावे लागते. तातडीची मदत सात दिवसांत मिळाली पाहिजे. २०१६ च्या दुरुस्तीने मदतीची रक्कम गुन्ह्यानुसार ८५ हजार ते सव्वाआठ लाख रुपये केली. अनेक गुन्ह्यांत मदतीचा एक हप्ता आरोपपत्राशी जोडलेला आहे. म्हणजे आरोपपत्र रखडले की न्यायही रखडतो आणि चूलही विझते. बैठकीत खरा विषय या तारखांचा आहे.

समितीवर अनुसूचित जाती-जमातींचे पाचपर्यंत आणि स्वयंसेवी संस्थांशी संबंधित इतर तीनपर्यंत अशासकीय सदस्य असू शकतात. हे सात-आठजण पुरेसे आहेत, फक्त त्यांनी तयारीने गेले पाहिजे. बैठकीच्या चार दिवस आधी एकत्र बसावे. तालुके वाटून घ्यावेत. प्रत्येक प्रकरणाचा एकच तक्ता करावा : गुन्हा नोंदला कधी, अटक कधी, आरोपपत्र कधी, मदतीचा कोणता हप्ता कधी. सभागृहात पहिला विषय मागील इतिवृत्ताच्या अनुपालनाचा घ्यायला लावावा. एकाने बोलावे, दुसऱ्याने टिपावे, तिसऱ्याने वेळ पाहावी. प्रत्येक निर्णयापुढे अधिकाऱ्याचे पद आणि तारीख लिहून घेतल्याशिवाय पुढच्या विषयाकडे वळू नये.

बैठकीची ही शिस्त आम्हाला परकी नाही. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी दाखवून दिले की, आसनव्यवस्था, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान हे सारे नियम भिक्खू संघाला ठाऊक होते. संघकर्माला किमान चार भिक्खू लागत आणि काही कर्मांना वीस. ठराव आधी मांडला जाई, महत्त्वाचा असेल तर तीनदा विचारला जाई. मतभेद मिटला नाही तर शलाका वाटून बहुमत घेतले जाई. आजारी भिक्खूची संमतीही मागवली जाई. आणि आज त्याच परंपरेचा वारसा सांगणारे आम्ही एकाच वेळी चौघे बोलतो!

काहीजण म्हणतील, अध्यक्ष जिल्हाधिकारी, सचिव समाजकल्याणचा अधिकारी, मग आमच्या हाती काय? आमच्या हाती इतिवृत्त आहे. विरोध नोंदवायचा असेल तर तो तोंडी न ठेवता लेखी द्यावा आणि इतिवृत्तात समाविष्ट करायला लावावा. इतिवृत्ताची प्रत मिळत नसेल तर माहिती अधिकार कायदा २००५ आहे. कर्तव्यात जाणीवपूर्वक कसूर करणाऱ्या, अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकसेवकाला कलम ४ खाली सहा महिने ते एक वर्ष शिक्षेची तरतूद आहे. मात्र त्यासाठी आधी प्रशासकीय चौकशीची शिफारस लागते. त्या चौकशीपुढे आणि उद्या उच्च न्यायालयात रिट दाखल करताना आमचे भाषण पुरावा ठरत नाही. 'अमुक तारखेस अमुक अधिकाऱ्याने पंधरा दिवसांत आरोपपत्र दाखल करण्याचे मान्य केले' ही एक ओळ मात्र उपयोगी पडते.

तेव्हा समितीवर नाव लागल्याचे सत्कार आता पुरे करावेत. ज्यांची नेमणूक झाली आहे त्यांनी पुढच्या बैठकीपूर्वी आपल्या तालुक्याचा तक्ता तयार करावा, आणि ज्यांची झाली नाही त्यांनी तो तपासायला मागावा.