दुःखाची भरपाई कुणाच्या खात्यात?



रस्त्यावरच्या अपघातात घरातलं माणूस जातं, आकांत होतो आणि तेराव्यानंतर हिशेब सुरू होतो. मोटार अपघाताच्या दाव्यात बाईच्या दुःखाचाही एक रकाना असतो. कोर्टाच्या भाषेत ‘कन्सॉर्शियम’, म्हणजे सहवास गमावल्याची भरपाई. मुळात इंग्लंडच्या कायद्यात हा हक्क नवऱ्याचा: बायको जायबंदी झाली तर तिची सेवा आणि सोबत बुडाली म्हणून. १९५२ साली एका पत्नीने जायबंदी नवऱ्यासाठी तोच हक्क मागितला, तेव्हा हाउस ऑफ लॉर्ड्सने तो नाकारला.

आपल्याकडे प्रणय सेठी खटल्यात २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने ही रक्कम ४० हजार ठरवली, दर तीन वर्षांनी दहा टक्के वाढीसह. २०१८ च्या मॅग्मा निकालाने आईबाप गमावलेली मुलं आणि मूल गमावलेले आईबाप यांचंही दुःख त्यात धरलं. मुलगा गेल्यावर आई फक्त कमावत्या हाताला मुकत नाही, हे एकदाचं मान्य झालं. रक्कम तुटपुंजीच आहे.

पण विधवेच्या दुःखावर पहारा असतोच. मुंबई उच्च न्यायालयात २०२३ साली निकाली निघालेल्या एका प्रकरणात नवरा गेला तेव्हा बाई १९ वर्षांची होती. दावा चालू असताना तिने दुसरं लग्न केलं. विमा कंपनीचं म्हणणं, आता कसली भरपाई? भरपाईसाठी तिने जन्मभर विधवा राहावं अशी अपेक्षा धरता येत नाही, असं न्यायालयाने सुनावलं. गावात हाच प्रश्न सासरचे विचारतात, तिथे सुनावणारं कोणी नसतं. कागद दिराकडे, वकील त्याच्या ओळखीचा, सही किंवा अंगठा तेवढा तिचा.

त्यात एप्रिल २०२२ पासून दाव्याला सहा महिन्यांची मुदत आली. तिचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आहे, पण त्या भरवशावर थांबू नये. अनेक घरांत बाईला उंबऱ्याबाहेर पडू देत नाहीत, तेच हे महिने.

म्हणून भेटायला जाल तेव्हा एवढं विचारा: एफआयआर आणि पंचनाम्याची प्रत कुणाकडे आहे? दाव्यात बायको, मुलं, आई यांची नावं आहेत ना? पैसे तिच्या एकटीच्या खात्यात येणार ना? रडणाऱ्या बाईपुढे पैशाचा विषय काढणं आम्हालाही जड जातं. घरातल्या पुरुषांनी तो तोवर काढलेला असतो.