रान गेल्यावर भरणारी तिजोरी

ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्र शासनाने प्रतिपूरक वनीकरणासाठी २७ राज्यांच्या स्वाधीन ४७,४३६ कोटी रुपये केले. रक्कम डोळे दिपविणारी खरी. पण ती आली कोठून, हे आधी पाहिले पाहिजे. अर्थसंकल्पात कोणी उदार हाताने तरतूद केली म्हणून हा पैसा आलेला नाही. खाणी, धरणे, रस्ते, विजेचे मनोरे यांसाठी ज्यांनी वनजमीन घेतली, त्यांच्याकडून तिचे मोल म्हणून तो वसूल झाला आहे. वाटपाची यादीच पुरेशी बोलकी आहे. सर्वांत मोठा वाटा ओडिशाचा, त्याखालोखाल छत्तीसगड, मध्य प्रदेश आणि झारखंड. जेथे खाणी, तेथे निधी! महाराष्ट्राच्या पदरी ३,८०० कोटींहून अधिक पडले. म्हणजे ज्या राज्याचे रान अधिक गेले, त्याची तिजोरी अधिक भरली.

या निधीचा उगम सर्वोच्च न्यायालयातील गोदावर्मन खटल्यात आहे. राज्ये वनजमिनीचे पैसे घेतात आणि झाडे मात्र लावीत नाहीत, हे पाहून न्यायालयाने २००२ मध्ये स्वतंत्र निधी उभारण्याचा आदेश दिला. पुढे २०१६ मध्ये कायदा झाला. नव्वद टक्के रक्कम राज्यांना व दहा टक्के केंद्राला, अशी वाटणी ठरली. वनाचे 'निव्वळ वर्तमान मूल्य' २००८ मध्ये हेक्टरी ४.३८ ते १०.४३ लाख रुपये होते, ते २०२२ मध्ये ९.५७ ते १५.९५ लाखांवर नेण्यात आले. शहरालगतच्या एखाद्या भूखंडाची किंमत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा वाढीव दरही स्वस्तच वाटेल.

मोल घेतले, पण मोबदल्यात काय उभे राहिले? नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१३ च्या अहवालाने याचे उत्तर दिले आहे. २००६ ते २०१२ या काळात गेलेल्या वनांच्या बदल्यात १,०३,३८१ हेक्टर वनेतर जमीन मिळावयाची होती. मिळाली २८,०८६ हेक्टर, आणि वनीकरण झाले अवघ्या ७,२८० हेक्टरांवर. शंभरातील सात! जेथे झाडे लागतात तेथेही ती कोठली, हा प्रश्न उरतोच. ग्रेट निकोबार बेटावरील सुमारे १३० चौरस किलोमीटर वनाच्या बदल्यात वनीकरणाची योजना आखली गेली ती हरियाणात. विषुववृत्ताजवळच्या वर्षावनाची भरपाई अरवलीच्या कोरड्या मातीत करणे हा हिशेबनिसाचा न्याय झाला, निसर्गाचा नव्हे. खर्चाच्या शिस्तीविषयी तर काय बोलावे? उत्तराखंडात २०१९ ते २०२२ या काळात याच निधीतील १३ कोटींहून अधिक रक्कम भलत्याच कामांकडे वळविल्याचे २०२५ मधील लेखापरीक्षणात दिसून आले; खरेदीत आयफोन, लॅपटॉप आणि शीतकपाटे होती.

वस्तुतः वनजमीन ही खात्याची खासगी मिळकत नव्हे. तिच्या आधारे जगणारी गावे आहेत आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यांचा हक्क मान्यही केला आहे. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही मिळाला, आणि ग्रामसभेने त्या रानाचा कारभार सांभाळून दाखविला. अशा गावाच्या शिवारात खात्याने परस्पर सागाची रोपे आणून लावावीत, याला संरक्षण कोणत्या अर्थाने म्हणावयाचे?

२०१६ मध्ये राज्यसभेत ग्रामसभेच्या संमतीचा आग्रह धरला गेला होता. त्यावर मंत्र्यांनी नियमांतून ही उणीव भरून काढण्याचे आश्वासन दिले. २०१८ च्या नियमांत संमती नाही, केवळ सल्लामसलत आहे. आणि तीही 'ग्रामसभा किंवा ग्राम वन व्यवस्थापन समिती' यांच्याशी. या समितीचा सचिव पुष्कळदा वनखात्याचाच कर्मचारी असतो. त्याच्याशी सल्लामसलत म्हणजे खात्याने स्वतःलाच विचारून घेतल्यासारखे झाले. नियमांतील हा एक 'किंवा' खोडण्यास नवा कायदा लागत नाही, की एक रुपयाही खर्च येत नाही.