याकिसोबात फ्लॉवर कुठून आला?

साओ पाउलोच्या लिबरदाजी भागात शनिवार-रविवारी बाजार भरतो. तिथल्या याकिसोबाच्या ठेल्यासमोर उभं राहिलं की आधी भाज्या दिसतात, नूडल्स मागाहून. फ्लॉवरचे तुरे, ब्रोकोली, गाजराच्या तिरप्या चकत्या, चिनी कोबीची पानं, ढोबळी मिरची, कांदा. त्यांत गोमांसाच्या आणि कोंबडीच्या पातळ पट्ट्या, आणि सगळ्यावर सोया सॉसचा, कॉर्नफ्लोअरने दाट केलेला चकचकीत रस्सा. जपानमध्ये याच नावाने मिळणारा पदार्थ कोरडा असतो. तव्यावर परतलेल्या नूडल्स, थोडा कोबी, डुकराच्या मांसाचे काप आणि आंबटगोड काळपट सॉस, बस्स. फ्लॉवर नाही, रस्सा नाही.

म्हणून जाणकार म्हणवणारे शेरा मारतात: हे अस्सल नव्हे. मला हा शेरा अन्यायाचा वाटतो, कारण त्यात शंभर वर्षांची मेहनत पुसली जाते. आणि अस्सल म्हणायचं तरी कशाला? जपानी भाषेत ‘सोबा’ म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया, पण याकिसोबातल्या नूडल्स गव्हाच्या असतात आणि त्यांचं मूळ चिनी. वरचा सॉस इंग्रजांच्या वूस्टर सॉसच्या कुळातला, ज्यात आपल्याकडची चिंच पडते. म्हणजे निघतानाच हा पदार्थ चार घरचं पाणी पिऊन निघाला होता.

ब्राझीलने गुलामगिरी रद्द केली १३ मे १८८८ रोजी, अमेरिका खंडात सर्वांत शेवटी. कॉफीचे मळे तसेच होते, राबणारे हात मात्र हवे होते. मळेवाल्यांनी इटलीतून माणसं आणली. त्यांचे हाल ऐकून इटलीच्या सरकारने १९०२ मध्ये फुकट तिकिटावरची ही भरती बंद केली. इकडे जपानच्या खेड्यांत दारिद्र्य होतं, आणि १९०७-०८ च्या करारानंतर अमेरिकेचं दार जपानी मजुरांना जवळजवळ मिटलं होतं. दोन्हीकडची गरज जुळली. २८ एप्रिल १९०८ ला कोबे बंदरातून ‘कासातो मारू’ ही बोट निघाली आणि १८ जूनला ७८१ माणसांना घेऊन ब्राझीलच्या सांतोस बंदराला लागली.

चार पैसे गाठीला बांधून परत यायचं, असं बहुतेकांच्या मनात होतं. मळ्यावर वेगळंच निघालं. मजुरी बोलीपेक्षा कमी, वाणसामान मळ्याच्याच दुकानातून आणि तेही उधारीवर. पुष्कळ कुटुंबं करार मोडून रातोरात पळाली. जेवणाचे हाल तर वेगळेच: तांदूळ, घेवडा, खारवलेला मासा, डुकराची चरबी. भाजी जवळपास नाहीच. कच्च्या पपईचं लोणचं घालून या लोकांनी जिभेची समजूत काढली. मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. मॉरिशसमध्ये १८३५ ला गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांवर राबायला कोकणातून माणसं गेली ती अशीच, करारावर अंगठा उठवून. आणि योगायोग असा, की त्याही बेटावर चिनी स्थलांतरितांनी आणलेल्या परतलेल्या नूडल्स, ‘मीन फ्रीत’, आज सगळे खातात, आपल्या मराठी लोकांचे वंशजही.

फ्लॉवरचं उत्तर ब्राझीलमधल्या याच हकिकतीत सापडतं. मळ्यातून सुटलेल्या जपान्यांनी साओ पाउलोच्या आसपास जमिनी खंडाने घेतल्या, पुढे विकत घेतल्या, आणि वाढत्या शहराला भाजी पुरवायला सुरुवात केली. १९२७ मध्ये कोतिया गावच्या ८३ जपानी बटाटा उत्पादकांनी सहकारी संस्था काढली. सहकाराचं बळ प्रवरानगरच्या मुलखाला वेगळं सांगायला नको. ती संस्था दक्षिण अमेरिकेतल्या मोठ्या कृषी सहकारी संस्थांपैकी एक झाली आणि १९९४ मध्ये बंद पडेपर्यंत शहरांच्या बाजारात तिचा माल होता. घरचा शेतकरी असेल तर कढईत भाजी सढळ पडते. जपानमधल्या त्या चिमूटभर कोबीचा इथे ढीग झाला, तो ही माणसं भाजी पिकवत होती म्हणून.

सोया सॉसचंही तसंच. जपानमध्ये तो सोयाबीन आणि गव्हाचा. ब्राझीलमध्ये गहू बाहेरून यायचा आणि महाग पडायचा, मका मुबलक. तेव्हा तिथल्या सोया सॉसमध्ये मका शिरला आणि आजही तिथल्या बऱ्याच बाटल्यांत तो असतो. चव थोडी गोडसर, रंग गडद. दाट रस्सा चिनी स्वयंपाकाचा, हे तर उघडच आहे. चिनी आणि जपानी दोन्ही घरं एकाच शहरात चूल मांडून होती.

घरी करून पाहिलं की या पदार्थाची शिस्त कळते. नूडल्स किंचित कच्च्या असतानाच काढायच्या, निथळून तेलाचा हात लावायचा, आणि धूर निघेस्तोवर तापलेल्या लोखंडी कढईत पसरून चक्क हात आवरायचा. खालची बाजू तांबूस, कुरकुरीत झाली की मगच उलटायच्या. मांस धाग्याच्या आडवं, पातळ कापायचं आणि थोडं थोडं परतायचं. एकदम ओतलं की पाणी सुटतं आणि ते परतण्याऐवजी शिजत बसतं. मग गाजर, फ्लॉवर, ब्रोकोली, आणि पानं अगदी शेवटी. सोया सॉस, मांसाचं पाणी आणि गार पाण्यात कालवलेलं कॉर्नफ्लोअर ओतलं की दहा-पंधरा सेकंदांत गढूळ रस्सा एकाएकी पारदर्शक होतो. तो क्षण साधायचा, गॅस बंद करायचा आणि वर तिळाच्या तेलाचे थेंब सोडायचे. लांब मोडांचे मूगही घालतात. त्यांना ब्राझीलमध्ये ‘मोयाशी’ हेच जपानी नाव आहे. फ्लॉवरला पोर्तुगीजमध्ये ‘कोव्ही-फ्लोर’ म्हणतात, आणि आपला ‘कोबी’ही त्याच ‘कोव्ही’तून, पोर्तुगीजांच्या तोंडून आलेला आहे. शब्दांनीही कमी प्रवास केलेला नाही.

आज हा पदार्थ ब्राझीलभर आहे. चर्चच्या बांधकामासाठी, शाळेच्या सहलीसाठी पैसे जमवायचे तर याकिसोबाचं जेवण ठेवतात, आणि वाढणाऱ्यांत एकही जपानी चेहरा नसतो. मातो ग्रोसो दो सुलमधल्या कांपो ग्रांदे शहरात ओकिनावाच्या लोकांनी रुजवलेल्या ‘सोबा’ला २००६ मध्ये शहराचा सांस्कृतिक वारसा म्हणून मान मिळाला. हे वाचून आनंद होतो. पण पदार्थाला पाट मिळाला म्हणून माणसालाही मिळाला, असं समजण्याची घाई मी करणार नाही.

कारण ज्यांनी ही कढई चढवली त्यांच्याशी हा देश कसा वागला ते लिहून ठेवलेलं आहे. १९३४ च्या राज्यघटनेने स्थलांतरितांवर कोटा घातला, त्याचा रोख जपान्यांवर होता. १९३८ पासून परक्या भाषांच्या शाळांवर बंदी आली, मग वर्तमानपत्रांवर. १९४२ मध्ये जपानशी संबंध तुटल्यावर चारचौघांत जपानी बोलणं हासुद्धा गुन्हा ठरला. ८ जुलै १९४३ ला सांतोसच्या किनाऱ्यावरच्या जपानी कुटुंबांना २४ तासांत घरदार सोडायला लावलं. ज्या गावच्या धक्क्यावर ‘कासातो मारू’ लागली होती, त्याच गावातून. ब्राझीलच्या सरकारी आयोगाने या छळाबद्दल माफी मागितली ती २५ जुलै २०२४ रोजी. चोवीस तासांत घर सोडलेल्यांपैकी किती जण ती ऐकायला उरले होते?

आणि दुसऱ्या तीरावर तरी काय झालं? १९९० मध्ये जपानने कायदा बदलून जपानी वंशाच्या परदेशस्थांना कामासाठी येऊ दिलं, कारण आता हात त्यांना हवे होते. लाखो नातवंडं-पतवंडं आजोबांच्या देशात कारखान्यांत राबायला गेली. हामामात्सु, ओइझुमी अशा गावांत पोर्तुगीज पाट्यांची दुकानं उघडली. ब्राझीलमध्ये ज्यांना गल्लीतली पोरं ‘जपानी’ म्हणून हाक मारत, ते तिथे ‘ब्राझीलवाले’ झाले. २००८ च्या मंदीत कारखाने थंडावले तेव्हा, २००९ मध्ये, सरकारने बेकारांना परतीच्या प्रवासासाठी माणशी ३ लाख येन आणि कुटुंबातल्या प्रत्येकाला २ लाख येन देऊ केले. पैसे घेणाऱ्याने पूर्वजांच्या नात्याने मिळालेल्या त्या परवान्यावर पुन्हा जपानात यायचं नाही, अशी अट त्यात घातली होती.