फार्दिंगची किंमत

परीक्षेच्या वहीत आपण 'फार्दिंग' या इंग्रजी शब्दापुढे 'क्षुल्लक नाणे, दमडी' असे लिहितो आणि पान उलटतो. गुण मिळवायला तेवढे पुरते. पण हे नाणे क्षुल्लक आहे असे ठरवले कोणी? माझ्या मते हा प्रश्न विचारल्याशिवाय तो शब्द कळत नाही.

मुळात या शब्दात तुच्छता नाहीच. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ 'चौथा हिस्सा' एवढाच. आपली पावली जशी रुपयाचा पाव भाग, तसा फार्दिंग हा पेनीचा पाव भाग. मध्ययुगात सुट्या नाण्यांची अडचण पडली, की चांदीची पेनीच कापून तिचे चार तुकडे करीत. एडवर्ड पहिला याने १२७९ मध्ये सुरू केलेल्या नाणेसुधारणेत चांदीचा गोल फार्दिंग नियमित पाडला जाऊ लागला. बारा पेन्सचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड, म्हणजे एका पौंडात ९६० फार्दिंग!

तुच्छता पुढे बोलण्यात आली. एखादी वस्तू 'फार्दिंगच्याही लायकीची नाही', एखाद्याची 'पितळी फार्दिंगइतकीही पर्वा नाही', असे इंग्रज म्हणू लागला. आपण 'कवडीमोल' म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. पुढे प्रचंड चाक नि मागे इवलेसे चाक अशा जुन्या सायकलीला 'पेनी-फार्दिंग' हे नाव पडले, त्यातही धाकट्या नाण्याची थोडी थट्टाच आहे.

परंतु याच शब्दाचा दुसरा वापर पाहा. १६११ च्या इंग्रजी बायबलात दोन चिमण्यांची किंमत एक फार्दिंग सांगितली आहे आणि त्यातली एकही चिमणी देवाच्या नजरेआड नाही, असा त्याचा आशय आहे. तिथेच शेवटच्या फार्दिंगपर्यंत कर्ज फेडण्याची गोष्ट येते. आपण म्हणतो तसे, 'पै न् पै' चुकती करायची. मार्कच्या शुभवर्तमानात तर एक गरीब विधवा मंदिराच्या दानपेटीत दोन बारीक नाणी टाकते. दोन्ही मिळून एक फार्दिंग. येशू शिष्यांना सांगतो, हिने सर्वांहून अधिक दिले. इतरांनी उरलेल्यातून दिले, हिने होते तेवढे दिले. मराठी बायबलात या जागी 'दमडी' आहे. शब्द तोच, पण इथे तो तुच्छ वाटत नाही.

आपल्या देशाशीही या नाण्याचे हिशेबी नाते होते. १८९९ च्या कायद्याने एक पौंड म्हणजे पंधरा रुपये असा दर ठरला. रुपयाचे चौसष्ट पैसे. पंधरा रुपयांचे ९६०. म्हणजे त्या दराने आपला एक पैसा बरोबर एका फार्दिंगएवढा! लंडनच्या मजुराचे आणि मुंबईच्या गिरणीकामगाराचे सर्वांत लहान नाणे एकच होते, असे म्हणायला मात्र जीभ अडखळते. कारण आपल्याकडे पैशाच्याही खाली पै होती. गरिबीला आणखी बारीक मोजमाप लागते.

फार्दिंग १९५६ नंतर पाडला गेला नाही आणि १९६० अखेर चलनातून गेला. १९३७ पासून त्यावर 'रेन' या चिमुकल्या पक्ष्याचे चित्र होते. आपल्याकडे १९५७ मध्ये दशमान पद्धत आली आणि पै मागे पडली. पावलीची जागा घेणारे पंचवीस पैशांचे नाणेही २०११ मध्ये बंद झाले. नाणी गेली, शब्द राहिले. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. माझी फी आईने 'पै पै जमवून' भरली असे शेजारीपाजारी म्हणतात, तेव्हा त्या पैत कोणालाही क्षुल्लकपणा दिसत नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. ज्याच्या खिशात पौंड होता त्याच्या तोंडी फार्दिंग ही शिवी झाली. ज्याच्या मुठीत फार्दिंगच होता त्याच्यासाठी तो हिशेब होता, दान होते, अब्रू होती. आपल्या वहीत आपण पहिल्याचाच अर्थ उतरवून घेतो. मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी अनेकजण दुसऱ्याच्या घरातून आलो आहोत. तेव्हा वहीत 'क्षुल्लक नाणे' लिहिण्यापूर्वी त्यापुढे एवढे तरी लिहू या : 'पेनीचा पाव भाग; कोणाचे सर्वस्वही.'